विंडोज टाकताना नवी डिस्क दिसत नाही? आधी ठरवा, कोणाला दिसत नाही

गेल्या वर्षी एका रविवारी भाचा नवा कोरा लॅपटॉप घेऊन दारात उभा. "मामा, यात हार्ड डिस्कच टाकली नाहीये." पैसे वाचवायला विंडोज नसलेलं, डॉसवालं मॉडेल घेतलं होतं, विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह स्वतःच बनवला होता, सगळं रीतसर. पण 'विंडोज कुठे टाकायची' हे विचारणाऱ्या पडद्यावर यादी रिकामी. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "डिस्क गेली असेल, आणून द्या, पंधरा दिवस लागतील."

डिस्क गेलेली नव्हती. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी लॅपटॉप जागा करणारा आतला मूळ प्रोग्रॅम, उघडलं तर तिथे डिस्कचं नाव, कंपनी, ५१२ जीबी, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. लॅपटॉपला डिस्क दिसत होती, विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नव्हती. इथेच बहुतेकांची वाट चुकते. "डिस्क दिसत नाही" हे वाक्य अर्धवट आहे. कोणाला दिसत नाही, ते कळल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. बायोसलाच दिसत नसेल तर स्क्रूड्रायव्हर लागेल. बायोसला दिसते आणि इन्स्टॉलरला नाही, तर स्क्रूड्रायव्हरला हातही लावू नका, काम बसल्या जागी होणार आहे.

सुरुवात करण्याआधी टेबलावर काय हवं

एक पेन ड्राइव्ह विंडोजचा, किमान ८ जीबीचा. दुसरा चालू कॉम्प्युटर, डाउनलोड करायला. यूएसबीचा साधा माउस, कारण इन्स्टॉलरमध्ये कित्येक लॅपटॉपचा टचपॅड मेल्यासारखा पडून राहतो. त्याचाही ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, तिथे नसतो. लॅपटॉपचा चार्जर लावलेला. आणि लॅपटॉप नवा नसून त्यात आधीची विंडोज असेल, तर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलुपाची, ४८ आकडी रिकव्हरी की. बायोसमधली एखादी सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन केलं की बहुधा तिथे सापडते. कागदावर उतरवा. फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवणारे लोक मी पाहिलेत.

पहिली पायरी: बायोसमध्ये जा आणि वाचा

लॅपटॉप पूर्ण बंद करा. पॉवरचं बटण दाबल्या दाबल्या बायोसची की टकटक दाबत राहा. एकदा दाबून धरल्याने कधी कधी चुकतं, टकटक बरी. डेल, एसर, आसुस आणि लेनोवोच्या आयडियापॅडला एफ२. थिंकपॅडला एफ१. एचपीला एफ१० किंवा आधी एस्केप दाबून मेनू. एमएसआयला डिलीट. काही आयडियापॅडच्या कडेला टाचणी घालायचं बारीक भोक असतं, नोवो बटण म्हणतात त्याला. लॅपटॉप बंद असताना ते दाबलं की थेट मेनू येतो.

आत गेल्यावर 'मेन', 'इन्फर्मेशन', 'सिस्टिम इन्फर्मेशन' किंवा 'स्टोरेज' असल्या पानावर डिस्कचं नाव शोधा. दोन गोष्टी वाचायच्या: मॉडेलचं नाव दिसतं का, आणि आकार बरोबर आहे का. याच पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे कामाला येईल.

'बूट' यादीत डिस्कचं नाव नाही म्हणून घाबरू नका. बूट यादीत ज्यावर चालू होण्यासारखं काही आहे त्याचीच नावं येतात. कोऱ्या डिस्कवर विंडोजच नाही, तर ती तिथे दिसणार कशी? हा गोंधळ मी इतक्यांदा पाहिलाय की वेगळा सांगावासा वाटला.

बायोसला दिसते, इन्स्टॉलरला नाही: दहातल्या बहुतेक तक्रारी इथल्या

प्रोसेसर कोणता ते बघा. इंटेलचा अकराव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल, तर संशयित एकच, व्हीएमडी.

पूर्ण नाव व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. हे काय करतं ते समजलं की उपाय आपोआप पटतो. एनव्हीएमई डिस्क, म्हणजे हल्लीची वेगवान जात, साधारणपणे थेट पीसीआय एक्सप्रेस या प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटेवर बसलेली असते, आणि विंडोजकडे तिचा ड्रायव्हर आधीपासून असतो. विंडोज ८.१ पासून तो विंडोजसोबतच येतो. पण व्हीएमडी चालू असलं की प्रोसेसरच्या आतला हा कंट्रोलर डिस्कच्या पुढे येऊन उभा राहतो. सोसायटीच्या गेटवर नवा वॉचमन बसावा तसा. इन्स्टॉलरला गेटवर फक्त वॉचमन दिसतो, आतलं बिऱ्हाड दिसत नाही. वॉचमनशी बोलायची भाषा म्हणजे इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर, रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी. तो मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये नसतो. म्हणून यादी रिकामी.

हे मुळात अनेक डिस्क एकत्र जोडून रेड करणाऱ्यांसाठी आहे. एकच डिस्क असलेल्या घरगुती लॅपटॉपला त्याचा फायदा शून्याच्या आसपास. तरी कंपन्या ते चालू ठेवून पाठवतात.

एएमडीच्या रायझन लॅपटॉपमध्ये हा वॉचमन नसतो. तुमचा रायझन असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

आता दोन वाटा आहेत. एक, ड्रायव्हर द्यायचा. दुसरी, बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं. दुसरी सोपी वाटते आणि नेटवर जो तो तीच सांगतो. मी पहिली धरतो. कारण असं की व्हीएमडी बंद करून विंडोज टाकली आणि सहा महिन्यांनी कोणी बायोस मूळ सेटिंगवर नेलं, तर व्हीएमडी पुन्हा चालू होतं. विंडोजकडे ड्रायव्हर नसतो, आणि सकाळी कॉलेजला जायच्या वेळी निळा पडदा: इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. ड्रायव्हर घालून विंडोज टाकली की ही भानगड नाही. पंधरा मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

वाट एक: ड्रायव्हर देणे

१. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर जा. लॅपटॉपच्या खाली चिकटवलेला मॉडेल क्रमांक किंवा सिरियल नंबर टाका. ड्रायव्हरच्या यादीत 'स्टोरेज' किंवा 'चिपसेट' खाली इंटेल रॅपिड स्टोरेज शोधा. तिथे मिळाला नाही तर इंटेलच्या साइटवरून घ्या. इंटेलकडे एकच आवृत्ती नसते, प्रत्येक आवृत्तीच्या पानावर ती कोणत्या पिढीच्या प्रोसेसरसाठी आहे ते लिहिलेलं असतं. ते वाचूनच घ्या, सगळ्यात नवी ती चांगली असा हिशेब इथे चालत नाही.

२. खाली आलेली फाइल बहुधा ईएक्सई असते, आणि इथेच लोक अडतात. ती तशीच पेन ड्राइव्हवर टाकून काही होत नाही. इन्स्टॉलरला सुटे ड्रायव्हर हवेत, सीलबंद खोका नको. कंपनीच्या साइटवरची फाइल असेल तर सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने ती बहुतेक वेळा उघडते. इंटेलची सेटअपआरएसटी ही फाइल असेल तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी लिहून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. त्यात फाइलचं पूर्ण नाव ईएक्सईसकट लिहा, एक जागा सोडा, उणे चिन्ह देऊन लगेच त्याला चिकटून एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स हा शब्द, पुन्हा एक जागा, आणि मग नव्या फोल्डरला जे नाव द्यायचं ते. सगळं इंग्रजी अक्षरांत, अर्थात. एंटर मारलं की त्या नावाचं फोल्डर तयार होतं.

३. त्या फोल्डरच्या आत शिरत जा. तीनचार पातळ्या खाली 'ड्रायव्हर्स' आणि त्यात 'व्हीएमडी' असं फोल्डर सापडेल. आत आयएस्टोरव्हीडी नावाच्या फाइली असतात, एक आयएनएफ, एक एसवायएस, एक सीएटी. त्या एकत्रच राहिल्या पाहिजेत. नुसती आयएनएफ उचलून नेली तर इन्स्टॉलर ड्रायव्हर दाखवेल पण बसवणार नाही. म्हणून अख्खं व्हीएमडी फोल्डर उचला आणि विंडोजच्या पेन ड्राइव्हवरच ठेवा. वेगळा पेन ड्राइव्ह घ्यायची गरज नाही.

४. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून चालू करा. भाषा, कीबोर्ड, लायसन्स वगैरे सोपस्कार पार पाडून डिस्क निवडायच्या पडद्यापर्यंत या. 'लोड ड्रायव्हर' दाबा, मग 'ब्राउज', आणि पेन ड्राइव्हवरचं व्हीएमडी फोल्डर निवडा. इथे पेन ड्राइव्हला सी हे अक्षर मिळालेलं असू शकतं. दचकू नका, इन्स्टॉलरमध्ये अक्षरं वेगळी लागतात.

५. यादीत एकदोन नावं येतील, इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर आणि पुढे चार अक्षरी क्रमांक. अकराव्या पिढीला ९ए०बी, बाराव्या पिढीला ४६७एफ. 'या हार्डवेअरला न चालणारे ड्रायव्हर लपवा' ही खूण चालू असेल तर बहुधा योग्य तेवढंच नाव उरतं. ते निवडून 'नेक्स्ट'. काही सेकंद पडदा थबकतो, मग डिस्क हजर.

पाचव्या पायरीवर यादी रिकामी आली किंवा 'नो साइन्ड डिव्हाइस ड्रायव्हर्स' असं काही म्हणाला, तर शंभरातल्या नव्वद वेळा दोन कारणं: फोल्डर एक पातळी वरचं निवडलंय, किंवा ड्रायव्हरची आवृत्ती त्या पिढीची नाही. भाच्याच्या वेळी माझंही हेच झालं. घाईत जुनी आवृत्ती घेतली होती, लपवायची खूण काढून जबरदस्तीने नाव निवडलं, ड्रायव्हर 'बसला', डिस्क काही आली नाही. खूण काढून खोगीरभरती दिसते, पण उपयोग नाही. बरोबर आवृत्ती आणली आणि पहिल्या फटक्यात काम झालं.

याच वेळी पेन ड्राइव्हवर आणखी एक फोल्डर टाकून ठेवा, वाय-फायच्या ड्रायव्हरचं. डिस्कचा प्रश्न सुटतो, विंडोज ११ बसते आणि पुढच्या पडद्यावर म्हणते नेटला जोडा. वाय-फायची यादी रिकामी. एकाच संध्याकाळी दोनदा दुसरा कॉम्प्युटर शोधायची वेळ येते. नाहीतर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक अँड्रॉइड फोनवर तेही चालतं.

वाट दोन: व्हीएमडी बंद करणे

ड्रायव्हर मिळतच नसेल किंवा तुम्हाला हीच वाट पटत असेल तर. आसुसमध्ये एफ७ दाबून अॅडव्हान्स्ड मोड, त्यात 'अॅडव्हान्स्ड', मग 'व्हीएमडी सेटअप मेनू'. लेनोवोमध्ये 'कॉन्फिगरेशन' पानावर व्हीएमडी कंट्रोलर, किंवा स्टोरेज मोड आरएसटीवरून एएचसीआयवर, म्हणजे व्हीएमडी नसलेल्या साध्या पद्धतीवर, न्यायचा. डेलमध्ये 'स्टोरेज' खाली 'रेड ऑन' असतं, ते 'एएचसीआय/एनव्हीएमई' करायचं. एसरची खोड अशी की 'मेन' पानावर हा पर्याय लपवलेला असतो. त्या पानावर कंट्रोल आणि एस एकदम दाबलं की तो अवतरतो. ही युक्ती माहीत नसल्यामुळे "माझ्या एसरमध्ये व्हीएमडी नाहीच" म्हणणारे खूप भेटतात. एचपीच्या बऱ्याच घरगुती मॉडेलांत बायोसमध्ये हा पर्याय दिलेलाच नसतो. तिथे गुपचूप वाट एक धरा.

बदल करून एफ१० ने सेव्ह करा आणि इन्स्टॉलर पुन्हा सुरू करा.

एक गोष्ट मात्र ठळक: डिस्कवर आधीची विंडोज आहे आणि ती ठेवायची आहे, तर हा पर्याय असाच बदलू नका. ती विंडोज व्हीएमडीच्या वाटेने डिस्कपर्यंत जायला शिकलेली आहे. वाट बदलली की निळा पडदा. तसं झालंच तर घाबरून फॉरमॅट करू नका, पर्याय होता तसा करा, विंडोज परत येते. बदल करणं खरंच भाग असेल तर आधी बिटलॉकर थांबवा. मग एमएसकॉन्फिग हे विंडोजमधलं साधन उघडून 'बूट' टॅबवर सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करून सरळ बायोसमध्ये जा, पर्याय बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, आणि खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालली नाही तर खात्याचा पासवर्ड लागतो, तो पाठ असू द्या.

डिस्क दिसते, पण तिथे विंडोज टाकू देत नाही

'एमबीआर पार्टिशन टेबल' वगैरे लिहून येतं. हे जुन्या लॅपटॉपमधून काढून लावलेल्या डिस्कवर हमखास होतं. डिस्कवरच्या जागेची नोंद ठेवायची एमबीआर ही जुनी मांडणी, जीपीटी ही नवी. लॅपटॉप यूईएफआयने, म्हणजे बायोसच्या नव्या अवताराने, चालू झालाय आणि त्याला जीपीटी मांडणीची डिस्क हवी. डिस्कवर काहीही ठेवायचं नसेल तर उपाय दोन मिनिटांचा आहे. ठेवायचं असेल तर इथेच थांबा आणि आधी ते दुसरीकडे उतरवून घ्या.

शिफ्ट आणि एफ१० दाबा. काही लॅपटॉपवर एफएनसुद्धा सोबत दाबावं लागतं. काळी खिडकी येते. डिस्कपार्ट लिहून एंटर, मग लिस्ट डिस्क. आता आकार बघून आपली डिस्क ओळखायची, आणि इथे आकडे थोडे फसवे असतात. ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते, ५१२ ची ४७६, १ टीबीची ९३१. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. दुकानदाराने कमी दिली नाहीये.

डिस्क ० असेल तर सिलेक्ट डिस्क ०. मग लगेच क्लीन, म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसणारी आज्ञा, मारू नका. आधी डिटेल डिस्क लिहा, मॉडेलचं नाव येईल, ते बायोसच्या फोटोशी ताडून बघा. जुळलं की क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी, मग एक्झिट. ताडून बघायचा आग्रह अशासाठी की आमच्या एका मित्राने इन्स्टॉलेशनच्या वेळी बॅकअपची बाहेरची डिस्क लावूनच ठेवली होती आणि नेमकी तिच्यावर क्लीन मारली. बहिणीच्या लग्नाचे फोटो होते तीत. विंडोजचा पेन ड्राइव्ह आणि माउस सोडून बाकी सगळं उपटून ठेवा.

खिडकी बंद करून यादी 'रिफ्रेश' करा. 'अनअॅलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ दिसेल. ती निवडून सरळ 'नेक्स्ट'. हाताने पार्टिशन पाडत बसू नका, इन्स्टॉलर स्वतःच १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन, १६ एमबीचं राखीव आणि मग मोठं असं सगळं नीट करतो. डी ड्राइव्ह हवाच असेल तर नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये करा.

तसंच, नव्या डिस्कला आधी फॉरमॅट करावं लागतं अशी समजूत आहे. इन्स्टॉलरसाठी नाही. कोरी डिस्क त्याला 'अनअॅलोकेटेड' म्हणून दिसतेच.

कोणी अजून विंडोज ७ टाकायचा हट्ट धरत असेल तर तिच्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नव्हता, मायक्रोसॉफ्टने २०१४ साली तो वेगळा दुरुस्ती म्हणून दिला. नव्या लॅपटॉपवर हा नाद सोडा.

बायोसलाच दिसत नाही: आता स्क्रूड्रायव्हर

लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर. थिंकपॅडच्या बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती बंद करायचा पर्याय असतो, तो वापरा. बाकी ठिकाणी झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची वायर सोडवा. हात लावण्याआधी एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा.

एम.२ डिस्क, म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीसारखी चपटी, नव्याने बसवली असेल तर पहिला प्रश्न: ती एनव्हीएमई आहे की साटा, म्हणजे जुन्या, संथ जोडणीची? दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या, खाचेत दोन्ही बसतात, आणि घोटाळा नेमका यामुळेच होतो. सोनेरी दातांकडे बघा. कडेला एकच खाच आणि तिच्यापलीकडे पाच दात उरलेले असतील तर ती 'एम की' नावाची खाच, डिस्क बहुधा एनव्हीएमई. दोन खाचा असतील तर बहुधा साटा. बहुधा म्हणतोय, कारण काही स्वस्त एनव्हीएमई डिस्कनाही दोन खाचा असतात. पक्कं उत्तर डिस्कवरच्या लेबलवर. आणि लॅपटॉपचा स्लॉट काय घेतो ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. काही जुन्या लॅपटॉपचे स्लॉट फक्त साटा घेतात, बहुतेक नवे फक्त एनव्हीएमई. चुकीची जोडी झाली तर डिस्क मेलेली नसते, लॅपटॉपही बिघडलेला नसतो, दोघांची नुसती ओळखच होत नाही. बायोस गप्प बसतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला डिस्क घ्यायला जाताना 'एम.२ द्या' एवढंच म्हणू नका, लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल घेऊन जा.

जोडी बरोबर असेल तर बसणी बघा. डिस्क साधारण तीस अंशांत तिरकी धरून आत सरकवायची, सोनेरी दात जेमतेम दिसेनासे होईपर्यंत. मग दाबून सपाट करायची आणि टोकाचा स्क्रू लावायचा. स्क्रू हरवला म्हणून तशीच सोडली की ती हळूच वर उचलते आणि दात सुटतात. नावातला २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. तुमची २२३० असेल तर स्क्रूचं भोक जवळ येतं, आणि एक छोटी जोडपट्टी लागते. चिकटपट्टीने चिकटवलेल्या डिस्क मी उघडून पाहिल्यात. गरम झाल्यावर तो चिकटा पाझरतो, तोवर डिस्क चालते मात्र.

अडीच इंची साटा डिस्क असेल तर गुन्हेगार बहुधा रिबन केबल. कागदासारखी पातळ, आणि मदरबोर्डच्या बाजूला तिला काळी नाजूक पट्टी दाबून धरते. ती पट्टी नखाने अलगद उचलायची, केबल सरळ आत घालायची, पट्टी पुन्हा खाली. केबल एका बाजूने अर्धा मिलिमीटर तिरकी राहिली तरी डिस्क कधी दिसते, कधी नाही. आणखी एक, रिकामी जागा आहे म्हणून डिस्क आणली, आत बघतो तर केबलच नाही. कित्येक कंपन्या त्या जागेची केबल आणि फ्रेम सोबत देत नाहीत, मॉडेलनुसार वेगळी मागवावी लागते. घेण्याआधी एकदा झाकण उघडून बघा.

दोन स्लॉट असतील तर अदलाबदल करून बघा. एका स्लॉटमध्ये दिसते आणि दुसऱ्यात नाही, तर डिस्क निर्दोष. बायोसची नवी आवृत्ती आली असेल तर तीही घाला, चार्जर लावून, आणि चालू असताना बटणाला हात न लावता.

अजूनही शंका असेल तर लिनक्सला साक्षीला बोलवा

उबुंटूचा पेन ड्राइव्ह बनवा, काहीही इन्स्टॉल न करता 'ट्राय' म्हणून चालू करा आणि 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम उघडा. टर्मिनलची सवय असेल तर एलएसबीएलके ही आज्ञा. लिनक्सला व्हीएमडीची भाषा बहुधा आधीच येते. तिथे डिस्क दिसली, पण विंडोजच्या इन्स्टॉलरला नाही, तर प्रश्न ड्रायव्हरचाच, वर जाऊन वाट एक पुन्हा करा. लिनक्सच टाकायची असेल आणि उबुंटूचा इन्स्टॉलर आरएसटी बंद करा म्हणून अडला, तर मात्र वाट दोन.

तिथेही नाही, बायोसमध्येही नाही, तर डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. डबी घेताना पुन्हा तेच: एनव्हीएमईची डबी वेगळी, साटाची वेगळी, दोन्ही घेणारी थोडी महाग. दुसऱ्या कॉम्प्युटरवर डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'इनिशियलाइज करा' म्हणून विचारलं तर डिस्क जिवंत आहे, दोष स्लॉटचा किंवा बसणीचा. तिथेही काहीच आलं नाही, आणि डबी दुसऱ्या डिस्कवर तपासलेली आहे, तेव्हाच डिस्क गेली म्हणायची.

मग दुकानात जाताना रिकाम्या बायोस पानाचा फोटो, डबीत लावून काढलेला फोटो आणि डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर सोबत न्या. लेबल खरवडू नका आणि थंड करायला लावलेली पट्टी ओढून काढू नका, नाहीतर वॉरंटीवरून वाद घालायला त्यांना कारण मिळतं. भाच्याच्या लॅपटॉपची डिस्क अजून चालू आहे. व्हीएमडीचं फोल्डर असलेला तो पेन ड्राइव्ह मी पुसलेला नाही, त्याच्या हॉस्टेलवरून महिन्यातून एकदा तरी कोणी तो मागायला येतं.